बंदूक खाली घ्यायचे दिवस

पाऊस गेला, पंख्याचा आकडा वाढला आणि माझा राग वेळेवर आला. ऑक्टोबरचं ऊन आमच्या शिरवणे गावात थेट टाळूवर उतरतं. सावली धरायला झाड नाही. इमारतींच्या सावल्या पडतात त्याही एकमेकींवर, माणसाच्या वाट्याला येत नाहीत. सकाळी तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की जुन्या औषधाच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा वास येतो, संध्याकाळी खाडीकडून आला की चिखलाचा. या दोन वासांच्या मधल्या वेळात आज आमच्या चौकात बांबू येऊन पडले. बांबू पडले की आमच्या गावात समजायचं, आता कुणाचं तरी तोंड हत्तीएवढं होणार.

मी गॅलरीतून पाहत होते. खाली दिनेश उभा. दिनेश म्हणजे माझ्या दिराचा मुलगा, गावच्या मंडळाचा सर्वांत उत्साही आणि म्हणूनच सर्वांत धोकादायक माणूस. पोरांना हातवारे करून खड्डे कुठे पाडायचे ते दाखवत होता. काखेत फ्लेक्सची गुंडाळी. ती गुंडाळी मला नवी नव्हती, कारण गेल्या वर्षी याच दिवसांत, याच चौकात, याच माणसाने माझ्या नातीला बांबूवर टांगलं होतं. हसऱ्या चेहऱ्याने, हातात बंदूक देऊन.

या वयात राग गिळला की रात्री ॲसिडिटी होते. म्हणून गिळत नाही, लिहिते.

नातीचं नाव प्राची. नितीनची, म्हणजे माझ्या मुलाची, एकुलती एक. शाळेत असताना कुणीतरी तिच्या हातात एअर रायफल दिली आणि आमच्या घराची तऱ्हाच बदलली. गावठाणातलं आमचं घर म्हणजे जुन्या घराच्या जागेवर चढत गेलेलं तीन मजली खोकं. त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बोळकांडीच्या टोकाला, भिंतीवर, तिने एक काळा ठिपका चिकटवला. नेमबाजीच्या रेंजवर अंतर जास्त, घरात कमी, म्हणून ठिपकाही त्या मानाने लहान. मला तर तो चष्मा लावूनही माशीने घाण केल्यासारखा दिसायचा. मी एकदा ओल्या फडक्याने पुसायला गेले होते, तेव्हा घरात जो आरडाओरडा झाला तो शेजारच्यांनी अजून लक्षात ठेवलाय.

त्या ठिपक्यासमोर ही पोर तासन् तास उभी राहायची. छर्रा नाही, आवाज नाही, नुसता नेम धरायचा आणि चाप ओढायचा. टक्. मग पुन्हा. अंगात ते जाड कॅनव्हासचं आणि चामड्याचं जॅकेट, इतकं ताठ की खुंटीवरून खाली काढून ठेवलं तर आपलं आपण उभं राहील. पायात सपाट तळाचे कडक बूट, ते घालून चालली की बदक वाटायची. एका डोळ्यासमोर पांढरी पट्टी. त्या वेळात घरात मिक्सर बंद, कुकर बंद, माझं चटणी वाटणं बंद, टीव्ही तर सोडाच. चहा तिला वर्ज्य, कारण चहाने छातीचे ठोके वाढतात आणि ठोक्यागणिक बंदुकीचं टोक हलतं. हळदीला नाचायचं नाही, पाय मुरगळला तर उभी कशी राहणार. मोठ्याने हसायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता, पण हसणं हळूहळू आपोआप कमी झालं. आम्ही सगळे अभिमानाने गप्प बसायचो. अभिमानाने गप्प बसलेलं घर बाहेरून फार छान दिसतं.

त्या सगळ्या प्रकारात मला एकच गोष्ट कोड्यात टाकायची. बंदूक उचलायची, गाल टेकवायची, श्वास सोडायची, आम्ही सगळे आतल्या खोलीत कान टवकारून त्या टक्-ची वाट बघायचो, आणि बाई चाप न ओढताच बंदूक खाली घ्यायची. मला आधी वाटलं बिघडली. एकदा विचारलं. तर म्हणाली, "जास्त वेळ धरून राहिलं ना आजी, की डोळा खोटं दाखवायला लागतो. नेम बसल्यासारखा वाटतो, बसलेला नसतो. तेव्हा मारायचं नाही. खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, मग उचलायची."

हा म्हणे त्यांच्या सरांचा पहिल्या दिवसाचा धडा. नव्या पोरांना तो सर्वांत जड जातो. एवढी जड वस्तू उचलली, एवढा वेळ धरली, आता कशाला वाया घालवा, म्हणून मारून टाकतात आणि घालवतात. मी शहाण्यासारखी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या वेळी माझं लक्ष कालवणात कोकम टाकलंय की नाही याकडे होतं. धडा कळायला मला वर्ष लागलं. ज्यांनी तो शिकवला त्यांना अजून लागेल.

आता थोडं माझ्या नेमाबद्दल, कारण या भानगडीत मीही अडकलेय. प्राचीला पहिलं पदक मिळालं तेव्हा दिनेशने गावभर सांगितलं, पोरीला आजीचा नेम आलाय. झालं. लग्नात, बारशाला, भाजीवाल्याकडे, सगळीकडे तेच. काकी लहानपणी गोफणीने उडता पोपट पाडायची. मी ऐकून घ्यायचे आणि पदर नीट करायचे, जणू काही अजूनही रोज दोनचार पाडते.

खरी गोष्ट अशी, की हे सगळं शहर यायच्या आधी इथे भातशेती होती. आज जिथे सोसायट्यांचे वॉचमन खुर्चीत पेंगतात तिथे खाऱ्या जमिनीतलं तांबडं भात उभं असायचं. अश्विनात दाणा भरला की पाखरांचे थवेच्या थवे उतरायचे, आणि त्यांना हाकलायला शेतात बांबूची माच बांधून त्यावर पोरांना बसवायचे. मी बसायचे. बारा वर्षांची असेन. मी म्हणजे कोण, तर त्या शेताची फौजदार. गोफण गळ्यात हारासारखी घालून बांधावरून चालायचे, तेल लावून वेणी घट्ट, हनुवटी वर. माझी ठाम समजूत होती की मी माचेवर आहे म्हणून गावाला भात मिळतंय. मी आजारी पडले तर शिरवणं उपाशी मरेल या काळजीने मी एकदा तापातसुद्धा गेले होते. पाखरांना मी भाषणं द्यायचे. त्यांना मी ओळखू येते अशीही माझी खात्री होती.

आणि नेम? गोफणीत नेमाला काही किंमतच नसते. गोफण गरागरा फिरवून सोडली की दोरीचा जो फटाक आवाज होतो त्याने पाखरं उडतात. दगड कुठेही गेला तरी चालतं. माझा तर फारच कुठेही जायचा. आयुष्यात एकदाच माझा दगड कशाला तरी लागला, तो शेजारच्यांच्या म्हशीला. ती मधल्या बांधावर निवांत रवंथ करत होती. दगड बसल्यावर तिने माझ्याकडे वळून असं काही तुच्छतेने पाहिलं की मी आजही म्हशीच्या डोळ्याला डोळा देत नाही. ही माझी नेमबाजी. हा माझा वारसा.

गेल्या वर्षी दिनेशने तो वारसा फ्लेक्सवर छापला.

झालं असं. राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. प्राची त्यात उतरणार होती. चाचणी व्हायची होती, नीट ऐका, व्हायची होती. पण नवरात्रात कुणी मोठे पुढारी गावदेवीच्या दर्शनाला यायचे होते, आणि त्यांच्या नजरेला काहीतरी पडलं पाहिजे म्हणून दिनेशने चाचणीच्या आधीच फ्लेक्स छापून घेतला. "राज्याच्या संघात निवड झाल्याबद्दल आमच्या गावच्या कन्येचं हार्दिक अभिनंदन." मधोमध प्राची, बंदूक धरलेली. वर पुढाऱ्यांचे फोटो. खाली मंडळातली सगळी पोरं, काळे चष्मे लावलेली, अर्ध्यांना प्राचीचं पूर्ण नावही माहीत नसेल. आणि एका कोपऱ्यात गोल चौकटीत मी. खाली लिहिलेलं, प्रेरणास्थान.

मी त्याला विचारलं होतं, अरे निवड अजून कुठे झालीय. तर म्हणाला, "काकी, टेन्शन नको घेऊ. आदी लावला काय न् नंतर लावला काय, पोरगी तर जानारच हाय."

आमच्या लोकांचं हे असंच. प्रेम उतू गेलं की थेट छापखान्यात जातं. कुणाचा वाढदिवस, कुणाची बारावी, कुणाच्या बैलाने शर्यत मारली, लगेच बांबू. आणि मीही काही साळसूद नव्हते. फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी मी दूध आणायच्या निमित्ताने दोन वेळा चौकात गेले. दूध घरात होतं. मला फक्त बघायचं होतं फोटोत माझी नथ दिसतेय का. म्हशीला दगड मारणारी ती बारा वर्षांची फौजदार अजून माझ्या आत हनुवटी वर करून बसलेली आहे, तिला मरणच नाही.

त्याच आठवड्यात प्राची रेंजवरून आली, बूट काढले, बंदुकीची पेटी पलंगाखाली सरकवली आणि जेवताना म्हणाली, "मी थोडे दिवस थांबते."

नितीनला वाटलं दोन दिवस. सुनेला वाटलं ताप आहे, तिने पोरीच्या कपाळाला हात लावला. प्राची भात कालवत म्हणाली की चाचणीलाही ती जाणार नाहीये. मग आमच्या घरात मिक्सर, कुकर, टीव्ही सगळ्याला मोकळीक होती, पण कुणी काहीच लावलं नाही.

चाचणी झाली. ती गेली नाही. आणि चौकात तिचं अभिनंदन तसंच उभं.

इथून माझा राग सुरू होतो. आधीचं सगळं नुसतं कढ येणं होतं. लोकांना कारण पाहिजे होतं. कुणा मुलाचं काही आहे का. अभ्यासाचं आहे का. कुणी नजर लावली का. हरण्याची भीती वाटली का. माझी नणंद पनवेलहून खास आली, पोरीच्या अंगावरून मीठमिरच्या ओवाळायला. सुनेच्या ऑफिसातल्या बाईने डॉक्टरचा नंबर दिला. एकाने तर नितीनला तोंडावर सुनावलं की मुलगी आहे ना, शेवटी ह्यांचं असंच. ज्याने सुनावलं त्याचा मुलगा तीन वर्षं जिमचं कार्ड पाकिटात घालून फिरतो. आणि मंडळाची पोरं म्हणू लागली, आमची नाचक्की झाली. तुमची? बंदूक तुम्ही उचलली होती? एवढ्या पहाटे उठून, उपाशीपोटी, सणवार सोडून तुम्ही उभे राहिला होता त्या ठिपक्यासमोर?

सरांचाही फोन आला. नितीन कामावर होता, प्राचीने उचलला नाही, म्हणून मी उचलला. सर भला माणूस आहे, हे आधी सांगते. काळजीनेच बोलत होते. म्हणाले की या वयात ब्रेक घेतला की मुली परत येत नाहीत, तुम्ही घरच्यांनी जरा ढकला. मी विचारलं, "सर, पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत ना हिला, डोळा खोटं दाखवायला लागला की बंदूक खाली घ्यायची?" ते म्हणाले, हो, पण ते एका शॉटपुरतं. मी म्हटलं, "मग तिने ते जरा मोठं करून घेतलं. शिकवलेलं ऐकलं तर ढकलायचं कशाला?"

सर बरं म्हणाले. मग काळजी घ्या म्हणाले. मला जिंकल्यासारखं वाटलं, पण फोन ठेवल्यावर मी तांब्याभर पाणी प्यायले. माझेही ठोके वाढतात, फक्त माझ्या हातात बंदूक नसते.

सर्वांत जास्त राग मला नितीनचा आला, कारण तो काहीच बोलत नव्हता. तळोज्याला शिफ्ट करून यायचा, जेवायचा, झोपायचा. मुलीशी नेमकं कामापुरतं. पण रविवारी पलंगाखालून ती पेटी ओढायचा, मऊ फडक्याने पुसायचा आणि परत सरकवायचा. पोरगी दारातून बघायची. शंभर टोमणे परवडले असते. ते फडकं बघून मला ते त्याच्या हातातून हिसकावून त्या फडक्यानेच त्याचं तोंड पुसावंसं वाटायचं.

आणि प्राचीने चौकातून जाणं सोडलं. हे मला उशिरा कळलं. कॉलेजला जायला स्टेशनचा सरळ रस्ता चौकातून जातो. ती मागच्या गल्लीने, गटाराच्या कडेकडेने, मोठा वळसा घेऊन सीवूड्स स्टेशनच्या बाजूने निघायला लागली. स्वतःच्याच तोंडाखालून जायला लागू नये म्हणून. आपल्या गावात, जिथे तिच्या पणजीने भात लावलं तिथे, ही पोर चोरासारखी मागच्या वाटेने.

ते कळलं त्या दिवशी मी चहा केला. दोन कप. गच्चीवर घेऊन गेले. ती टाकीला टेकून बसली होती. एक कप तिच्यापुढे ठेवला. तिने सवयीने मान हलवली, मग कपाकडे बघत राहिली, मग उचलला आणि एका दमात अर्धा संपवला. जीभ भाजली तिची. मी काही विचारलं नव्हतं, पण तिनेच सांगितलं.

"शेवटच्या दिवशी दहा लागला, आजी. एकदम मधोमध. आणि मला काहीच वाटलं नाही. कुणा दुसऱ्याच्या टार्गेटवर लागल्यासारखं. मग पुढचा लागला, तरी तसंच."

मी म्हटलं, "फ्लेक्समुळे?"

"नाही गं. फ्लेक्स नसता तरी थांबले असते." तिने कपाच्या बुडाशी राहिलेला गाळ हलवला. "पण फ्लेक्स नसता तर गुपचूप थांबता आलं असतं."

गुपचूप थांबता येणं. एवढं साधं सुख, आणि ते आम्ही तिच्याकडून काढून घेतलं, हारतुरे घालून.

कारण मला ते मिळालं होतं. माझ्या फौजदारकीच्या त्याच वर्षी, कापणीला थोडेच दिवस उरलेले असताना, एका दुपारी मी माचेवर बसले होते आणि थवा उतरला. मी गोफण हातात घेतली, पण फिरवलीच नाही. पाखरं लोंब्यांवर बसून डोलत होती, दाणे टिपत होती, आणि मी बघत होते. आळस नव्हता, थकवाही नव्हता. फक्त आतून कुणी ओरडत नव्हतं. तेवढ्यात आई बांधावरून आली. मी मनात म्हटलं, आता पाठ सोलणार. तिने पाखरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदराने घाम पुसला आणि माचेवर चढली. "दे ती गोफन," म्हणाली. "जा बाय, निजून ये."

बस. का गं, काय झालं, उद्या येशील का, काही नाही. मी जाऊन निजले. दुसऱ्या दिवशी आईच गेली, तिसऱ्या दिवशीही. मी घरात बसून वाट बघत होते की आता शिरवणं उपाशी मरेल. कुणी मेलं नाही. भात दरवर्षीइतकंच आलं. माझ्या फौजदारकीचा तो केवढा अपमान. मी मनातून चिडले होते की माझ्यावाचून कुणाचं अडलंच नाही. कुणी साधा निरोपसुद्धा पाठवला नाही. आज वाटतं, माझ्या जन्मातलं ते सर्वांत मोठं लाडावणं होतं, आणि मला तो अपमान वाटला. बारा वर्षांच्या अकलेला कोण काय करणार.

त्या चहानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी, चौक जेवून निजलेला असताना, मी कोयता घेतला आणि स्टूल घेतलं. रिक्षावाला एकटा जागा होता, त्याने विचारलं आजी काय करता, मी म्हटलं माझा फोटो आहे, घरी नेते. दोऱ्या कापल्या. फ्लेक्स माझ्याच अंगावर पडला, मी आत, वरून पुढारी. रिक्षावाल्याने मला बाहेर काढलं आणि गुंडाळी घरापर्यंत आणून दिली. हे सगळं करताना मला साठीच्या पुढच्या बाईला शोभणार नाही इतका आनंद झाला.

फ्लेक्स गच्चीवर पसरला, छापील बाजू खाली. त्यावर जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घातला. सुकट करायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. खालून दमट लागत नाही, आणि पुढारी सुकटीच्या वासाने का होईना, एकदा तरी लोकांच्या उपयोगी पडतो. दिनेश दोन दिवस गावभर शोधत होता, समोरच्या गावातल्या पोरांवर संशय घेत होता. तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडे गच्चीवर आला, त्याच फ्लेक्सवर मांडी घालून बसला, आणि चोर कसा पकडणार ते मला सविस्तर सांगितलं. मी त्याला सुकटीची चटणी आणि भाकरी वाढली. तीन भाकऱ्या खाल्ल्या.

रविवारी नितीन वर आला. वाऱ्याने एक कोपरा उलटला होता आणि प्राचीचा कान आणि बंदुकीचा दस्ता दिसत होता. तो बघत उभा राहिला. मी तयारीत होते, काय काय बोलायचं ते सगळं तोंडात गोळा केलं होतं. तो खाली बसला, कोपरा परत उलटा केला, आणि जवळ्यातले बारीक खेकडे निवडून बाजूला टाकायला लागला. बराच वेळ निवडत बसला. त्यानंतर पेटी पुसायचं फडकं कुठे गेलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मग तो हिवाळा. तुळशीचं लग्न झालं आणि गावात हळदी सुरू झाल्या. प्राची पहिल्या हळदीला नाचली ती बँजो थांबेपर्यंत, पाय सुजले, दुसऱ्या दिवशी मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय सोडून बसली आणि संध्याकाळी दुसऱ्या हळदीला गेली. माझ्याबरोबर रोज चहा. भाकऱ्या शिकली, तिच्या भाकरीचा आकार खाडीच्या नकाशासारखा होता, कुठून आत शिरते आणि कुठून बाहेर ते कळायचं नाही. जो हात दहा मीटरवरून टाचणीच्या डोक्याएवढी जागा शोधायचा त्याला तव्याच्या मधोमध भाकरी टाकता येईना. त्यावर ती एवढी हसली की खोकला लागला. सकाळी उशिरापर्यंत झोपायची. काही शिकायची नाही, काही वाढवायची नाही, काही कमवायची नाही. कुणाला सहन होत नव्हतं. विचारायचे, मग सध्या काय करते? मी सांगायचे, श्वास घेते.

आता यंदा. पावसाळ्यात पलंगाखाली पेटीशेजारी कोंबलेल्या तिच्या जॅकेटला बुरशी आली. आमच्याकडे जूनमध्ये ठेवलेली कुठलीही चामड्याची वस्तू सप्टेंबरला हिरवी निघते. परवा मी ते बाहेर काढलं, कापूस भिजवून पुसलं आणि गच्चीवर उन्हात उभं केलं. उभंच राहिलं ते, बिन डोक्याच्या पाहुण्यासारखं. मला फक्त बुरशी घालवायची होती. वस्तूने काय पाप केलंय.

पण दिनेशची गच्ची आमच्या समोर. त्याने जॅकेट पाहिलं. आणि आज चौकात बांबू.

मी गॅलरीतून ओरडून विचारलं, कुणाचा रे फ्लेक्स. त्याने अभिमानाने गुंडाळीचं एक टोक सोडून दाखवलं. तोच फोटो. वर मोठ्या अक्षरात, जोरदार पुनरागमन. कोपऱ्यात मी, या वेळी फोटो आणखी मोठा. नथ स्पष्ट दिसत होती. मी बघितली, खोटं कशाला बोलू. मग स्वयंपाकघरात जाऊन कोयता घेतला.

जिना उतरते तोवर नितीन आधीच खाली पोचला होता. शिफ्टवरून नुकताच आला असेल, डबा अजून हातात. त्याने दिनेशच्या काखेतून गुंडाळी काढून घेतली, अगदी सावकाश, झोपलेल्या पोराला उचलावं तशी. दिनेश म्हणाला, "दादा, अरे पोरीची हवा करायची ना. चालू केलंन ना तिनं?"

नितीन म्हणाला, "माहीत नाही. तिलाही माहीत नसेल. तू हा मला दे, सुकटीला गेल्या वर्षीचा फाटला."

दिनेशने नितीनकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कोयत्याकडे. गेल्या वर्षीचा चोर त्याला त्या क्षणी सापडला असावा. मी त्याला म्हटलं, बांबू राहू दे, मांडवाला होतील, आणि दुपारी जेवायला ये. तो म्हणाला, "काकी, तू पन ना."

हे सगळं चालू असताना प्राची कॉलेजमधून येत होती. समोरच्या रस्त्याने. चौकातून. उघडे बांबू पाहिले, बापाच्या खांद्यावरची गुंडाळी पाहिली, आणि गुंडाळीचं मागचं टोक उचलून त्याच्यामागे जिना चढली.

संध्याकाळी मी जवळा गोळा करायला गच्चीवर गेले तेव्हा ती तिथे होती. नवा फ्लेक्स उलटा पसरलेला. खाडीकडून वारा सुटला होता. ती कठड्याकडे एक खांदा करून उभी होती, पाय जरा फाकवून, हातात काही नाही. डोळे मिटलेले. मला ते ठाऊक आहे, पूर्वी ठिपक्यासमोर करायची. डोळे मिटून उभं राहायचं, अंग सैल सोडायचं, मग उघडून बघायचं की अंग आपणहून कुठे वळलंय. वळलेलं चुकीचं असेल तर हाताने ओढून आणायचं नाही, पाय सरकवायचे.

तिने डोळे उघडले. समोर पाहिलं. डावा पाय किंचित सरकवला. पुन्हा मिटले.

जिन्याच्या दारात नितीनही येऊन उभा राहिला होता, माझ्या मागे. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या जिभेच्या टोकावर सगळे प्रश्न रांगेत उभे होते, आणि माझ्या आतली ती बारा वर्षांची फौजदार हनुवटी वर करून म्हणत होती, विचार, विचार. मी तिला गप्प बसवलं. मुलाचा दंड धरला आणि त्याला बरोबर घेऊन खाली उतरले.

जवळा राहिला वरच. निजायच्या आधी प्राचीने आणून दिला, निवडून.